कोल्हा, बदक आणि नारदाची गादी

रविवार, ५ जुलै १९५३. डोंबिवली.

ही वही आख्यानांची टिपणे काढायला आणली होती. आजपासून तिच्यात दुसरेच लिहितो आहे, कारण आजची गोष्ट कुणापाशी बोलण्यासारखी नाही.

मुरलीधराच्या देवळात उत्सव समितीची बैठक झाली. गोकुळाष्टमीचा सप्ताह यंदा २६ ऑगस्टला बसतो. गेली चौदा वर्षे सप्ताहातली संध्याकाळची कीर्तने आणि शेवटचे काल्याचे कीर्तन मीच करतो. त्याआधी माझे सासरे करीत. जाताना त्यांनी स्वतःच्या चिपळ्या माझ्या हातात दिल्या. मी कोकणातल्या शाळेत व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला, ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये स्टोअरचा कारकून. देवाने मला दिलेली मोठी गोष्ट म्हणाल तर ही कीर्तनाची गादी, एवढीच.

समितीचा चिटणीस सुधीर म्हणाला, "बुवा, राग मानू नका. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी माणसं किती होती? अकरा. त्यातली चार प्रसादाला थांबलेली."

आकडा बरोबर होता. मीही मोजली होती.

"आणि कल्याणला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बघा. मोठ्या चित्राआधी सात मिनिटांचं कार्टून दाखवतात, तेवढ्यासाठी लोक तासभर आधी रुमाल टाकून जागा धरतात. आपण सप्ताहात तेच आणू."

"देवळात बायोस्कोप?" अण्णा म्हणाले. अण्णा आमचे विश्वस्त. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झालेला नाही.

"देवळात कशाला अण्णा, शाळेच्या हॉलमध्ये."

बरीच घासाघीस झाली. शेवटी असे ठरले की यंदा एक संध्याकाळ, सोमवारची, बायोस्कोपला द्यायची. बाकी कीर्तने नेहमीप्रमाणे. काल्याच्या दिवशी देऊळ निम्मे भरले तर पुढल्या वर्षीही गादी माझ्याकडे. नाही भरले तर पुढल्या वर्षी सगळा सप्ताह हॉलमध्ये.

घरी आल्यावर सुमतीने विचारले, "काय ठरलं?"

मी म्हटले, "विशेष काही नाही."

शनिवार, ११ जुलै.

जे माझी माणसे घेऊन जाते ते एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून कल्याणला गेलो. बरोबर गुणाजी. तो पॉवर हाऊसमध्ये फिटर आहे आणि कीर्तनात माझा तबलजी. मूळचा सातारा भागातला. त्याने हे चित्र आधी दोनदा पाहिले होते, हे मला आजच कळले.

एक कोल्हा आहे. गळ्यात रुमाल, हातात काटा आणि चमचा. एक बदक आहे. कोल्ह्याला बदक खायचे आहे. गोष्ट इतकीच. सातही मिनिटे तो पळतो आणि ते पळते. कोल्हा पातेल्याखाली लपतो तर बदक खाली चूल पेटवते. रस्ता दाबायचा रूळ अंगावरून जाऊन तो पापडासारखा चपटा होतो, वाऱ्याने उडतो, भिंतीला चिकटतो, मग आपणच आपल्याला सोलून काढतो आणि पुन्हा पळू लागतो. एका ठिकाणी कडा संपतो तरी हा हवेत पळतच राहतो. खाली काही नाही हे त्याला ठाऊकच नसते. बदक बोटाने दाखवते, तो खाली बघतो, आणि मगच पडतो.

मी पडणे मोजले. एकोणीस. डोके आपटणे वेगळे.

लोक पोट धरून हसत होते. कोळसा ओढणारी माणसे, गार्ड, बायका, सगळे. दुसऱ्याला लागल्यावर हसायचे, ही कसली करमणूक? आमच्या गावी कुणी निसरड्यावर पडला तर आधी हात देत. (हसतही असत. पण नंतर.)

मोठे चित्र सुरू व्हायच्या आत उठलो. गुणाजीला राहायचे होते, पण माझ्याबरोबर आला.

सोमवार, १३ जुलै.

जेवणाच्या सुट्टीत गुणाजी स्टोअरमध्ये आला. मी त्याला एकोणीसचा हिशेब सांगितला.

"बुवा, तुमी मोजत बसला व्हय?" तो म्हणाला. "आन् मी ऐकत बसलो. एक सांगा. तो पडला म्हणून वाजतं, का वाजलं म्हणून तो पडतो?"

"म्हणजे काय?"

त्याने माझ्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवले. आधी पळणे, बारीक, भराभर. मग काहीच नाही. आणि ज्या वेळी मी 'आता काय' म्हणून त्याच्याकडे बघितले, त्याच वेळी एक थाप. मी हसलो. टेबलावर ना कोल्हा होता ना बदक.

"बघा," तो म्हणाला. "तुमी कीर्तनात थांबतच न्हाई. मला थाप द्यायला जागाच ऱ्हात न्हाई."

चौदा वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मी त्याला म्हटले, कीर्तन म्हणजे काही कोल्ह्याची उडी नव्हे. तो डबा झाकून निघून गेला. त्याला लागले असावे.

शनिवार, १८ जुलै.

पुन्हा कल्याण. बुधवारी आषाढी, आणि चातुर्मासात नाटक-सिनेमा पाहायचा नाही हा माझा नेम आहे. तेव्हा आजचा दिवस शेवटचा.

आज मी पडद्याकडे पाहिले नाही, माणसांकडे पाहिले. ही सवय गादीवरची. पडद्याच्या उजेडात चेहरे चांगले दिसतात. माझ्याच रांगेत पलीकडे आमच्या बॉयलरवरचा पंढरी होता. गेल्याच आठवड्यात साहेब त्याला सगळ्यांसमोर फाडफाड बोलला होता आणि तो मान खाली घालून उभा होता. कोल्हा भिंतीवर आपटला तेव्हा पंढरी हसला नाही. कोल्हा अंग झटकून उभा राहिला तेव्हा हसला. नीट पाहिले तर बहुतेकांचे तसेच होते. हशा दोनदा येतो, आणि दुसरा मोठा असतो.

म्हणजे मी पडणे मोजले ते चुकले. उठणे मोजायला हवे होते.

त्या जगात कुणी मरत नाही. भाजला तरी काळा होतो आणि झटकला की पुन्हा तांबडा. राग आहे, पण तो पुढच्या उडीपर्यंतच टिकतो. असे जग मी कीर्तनात किती वेळा वर्णन केले आहे. तेव्हा समोर जांभया देतात.

रविवार, २६ जुलै. ठाणे.

सुमतीचा भाऊ नौपाड्यात राहतो. त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दुपारी वहिनी म्हणाल्या, "इथल्या थेटरात दर रविवारी तासभर नुसती कार्टुनं लावतात. वन्सं, चला ना."

सुमतीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "तुम्ही जा. माझा नेम आहे, मी बाहेर बसतो."

बाहेर चहावाल्याच्या बाकावर तासभर बसलो. भिंत पातळ होती. आतले सगळे ऐकू येत होते. मी जप करू लागलो, पण मन आतच.

डोळ्यांनी दिसत नव्हते म्हणून की काय, गुणाजीचे म्हणणे इथे कळले. आधी पळापळ. मग एकदम शांत. त्या शांततेत तीनशे माणसे श्वास धरून असतात, हे बाहेर बाकावरसुद्धा कळते. मग धडाम. मग हशा. शांतता जितकी लांब तितका हशा मोठा, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा कुठे आहे ते त्या चित्र काढणाऱ्यांना बरोबर ठाऊक आहे. परदेशात बसून त्यांना ठाण्याच्या माणसाचा श्वास कसा कळला असेल?

तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या हशात एक हसणे वेगळे ऐकू आले. आधी दाबलेले, मग नाकातून सुटलेले, मग उघडे. ते सुमतीचे होते. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. तिचे हसणे इतक्या लोकांत मी ओळखीन असे मला वाटले नव्हते.

चहावाला म्हणाला, "काका, आत नाय गेले? बाहेर बसून का हसताय?"

मी हसत होतो हे मला कळले नव्हते.

बाहेर आल्यावर सुमतीचे डोळे ओले होते आणि पदर एका बाजूने दातांनी चुरगळलेला. मला पाहून तिने तो नीट केला. गाडीत आम्ही वांग्याच्या भावाबद्दल बोललो, म्हणजे ती बोलली. चातुर्मासात आमच्याकडे वांगे येत नाही.

रविवार, २ ऑगस्ट.

आज तिला विचारले, "त्या दिवशी काय होतं त्यात?"

"कशात?"

"ठाण्याला. मला नुसतं ऐकू येत होतं."

ती वरण घोटत होती. आधी म्हणाली, काही नाही हो, पोरकटपणा. मग रवी हातात तशीच ठेवून सांगू लागली. कोल्हा कसा दाराआड उभा राहिला, बदक त्याच्याच मागे कसे येऊन उभे राहिले, दोघे एकाच फटीतून कसे डोकावले. "आणि मग हा हळूच मागे वळून त्यालाच विचारतो, दिसलं का रे? आणि ते मान हलवतं, नाही बुवा!" असे म्हणून तिने बदकासारखी मान हलवली. वरण जमिनीवर उडाले. मी खूप हसलो.

मग ती म्हणाली, "एक गंमत बघितलीत का? मागचं फाटक सारखं उघडंच असतं. बदकाला जायचं तर केव्हाच जाता येईल. पण ते जात नाही. कोल्हा दमून बसला की तेच येऊन त्याची शेपटी ओढतं."

दोन शनिवार कल्याणला जाऊनही मला हे दिसले नव्हते.

तिचे वडील कीर्तनकार. लहानपणी ती रोज पहिल्या रांगेत बसे, आणि ते सोंग काढू लागले की इतकी हसे की तिला बाहेर न्यावे लागे, असे सासूबाई सांगत. माझ्या कीर्तनाला ती पहिली दोन-तीन वर्षे आली. मग घरकामामुळे जमेना. आज सहज विचारले, "तू अलीकडे देवळात का येत नाहीस?"

"घरी काम असतं."

मग थोड्या वेळाने, ताट वाढताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सगळं आधीच सांगून टाकता. मग ऐकायला काय उरतं?"

जेवण झाल्यावर लगेच झोप आली नाही. तिला काय म्हणायचे होते ते उद्या विचारीन असे ठरवले आहे.

रविवार, ९ ऑगस्ट.

विचारले नाही. पण जुनी टिपणे काढून वाचली. प्रत्येक आख्यानाच्या पहिल्याच ओळीत मी तात्पर्य लिहिले आहे. 'देव भावाने बांधला जातो, हे दाखविण्यासाठी पुढील कथा.' काल्याच्या कीर्तनाचीही तीच सुरुवात.

काल्याला मी दरवर्षी बाळकृष्णाला उखळीला बांधल्याची कथा लावतो. लोणी चोरले, मडके फोडले, यशोदा दोरी घेऊन मागे लागली. तो पुढे, ती मागे. शेवटी सापडला, तर दोरी दोन बोटे कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटे कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या, तरी दोन बोटे कमीच. शेवटी आई घामाघूम होऊन बसली, तेव्हा त्याला दया आली आणि त्याने आपण होऊन बांधून घेतले.

चौदा वर्षे मी ही कथा सांगतो आहे. ही सगळी कथा पळापळीची आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही. मी पळण्याला एक ओळ देतो आणि दोन बोटांच्या अर्थाला पाऊण तास.

संध्याकाळी गुणाजीच्या खोलीवर गेलो. त्याला म्हटले, "त्या दिवशी स्टोअरमध्ये मी बोललो ते मनात ठेवू नकोस."

"कवा?" तो म्हणाला. पण त्याला आठवत होते. तबला आधीच काढून ठेवलेला होता.

बुधवार, १९ ऑगस्ट.

चार वेळा तालीम झाली. मी थांबतो तिथे फार वेळ थांबतो किंवा थांबतच नाही. गुणाजी म्हणतो, "बुवा, घाबरू नका. गप बसल्यावर लोक उठून जात न्हाईत. बोलल्यावर जातात."

एक अडचण आहे. गादी. आमच्याकडे नारदाची गादी म्हणजे देवासमोर अंथरलेली चार हात घोंगडी. बुवा तिच्यावर उभा राहिला की आरती होईपर्यंत पाय तिच्याबाहेर टाकायचा नाही. टाकला तर त्या दिवशी परत चढायचे नाही. सासरे म्हणत, नारद त्रिखंडात फिरतो म्हणून त्याच्या नावाने उभ्या राहणाऱ्याने एका जागी राहावे. चार हातांत पळायचे कसे? गुणाजीने जागच्या जागी पळून दाखवले. त्याला येते. माझे पोट हलते.

दोरी खरी घेणार आहे. गॅलरीतली कपडे वाळत घालायची वलणी लांब आहे. तिच्यातली मधली बारा हात कापून घेतली आणि उरलेली दोन टोके गाठ मारून जोडून अलीकडच्या खिळ्याला बांधली. सुमती भाजीला गेली होती.

शुक्रवार, २८ ऑगस्ट.

सप्ताहाचा तिसरा दिवस. एकोणीस माणसे. नेहमीप्रमाणेच कीर्तन केले. नवे काही करायला छाती झाली नाही. अण्णा खांबाला टेकून डोळे मिटून बसतात. झोपतात की ऐकतात ते चौदा वर्षांत कळलेले नाही.

फुलवाली रखमाबाई पायऱ्यांवर टोपली घेऊन असते. ठाकुर्ली गावची म्हातारी. माझ्या गळ्यातला हार तिचा असतो. आत ये म्हटले तर येत नाही. "मना हितून ऐकू येतं," म्हणते. आज मी उतरताना ती टोपलीवर डोके ठेवून झोपली होती.

सोमवार, ३१ ऑगस्ट.

शाळेच्या हॉलमध्ये बायोस्कोप झाला. मी घरीच होतो. हॉल आमच्या गॅलरीपासून लांब नाही, हशा स्पष्ट ऐकू येत होता. सुधीर नंतर येऊन सांगून गेला, चारशे माणसे होती, खिडक्यांतसुद्धा. त्याच्या तोंडावर आनंद होता, पण मला पाहून तो आवरता घेतला. मुलगा वाईट नाही.

"बुवा, परवा काल्याला मी माझ्याकडून सगळ्यांना सांगतोय," तो म्हणाला. "पण अण्णांपुढे ठरलंय ते ठरलंय."

देवळात दोनशे माणसे बसतात. निम्मे म्हणजे शंभर.

सुमती बायोस्कोपला गेली नाही. मी जा म्हटले होते. म्हणाली, एकदा बघितलं की झालं. बराच वेळ गॅलरीत उभी राहून वलणीची गाठ चाचपत होती.

बुधवार, २ सप्टेंबर. गोपाळकाला.

जसे घडले तसे लिहून ठेवतो.

रजा काढली होती. सकाळी नऊला उभा राहिलो तेव्हा आत चाळीसेक माणसे होती. बाहेर पायऱ्यांवर आणि मांडवात दहीपोह्यांची वाट पाहणारे बरेच, पण ते आत मोजता येत नाहीत. भुरभुर पाऊस होता आणि येणाऱ्यांच्या पायांनी फरशी ओली झालेली.

पूर्वरंग लवकर आटोपला. हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगाला सुरुवात केली आणि तात्पर्य सांगितले नाही. जिभेवर आले होते, ते गिळले. नुसते म्हणालो, "यशोदामाई ताक करीत बसली होती." आणि थांबलो.

गप्प राहणे फार कठीण असते. अण्णांनी डोळे उघडले. त्यांना वाटले मी विसरलो.

मग मी मान वळवली. मडके फुटल्याचे पाहिले. तबल्यावर एक थाप. कुणीतरी खुदकन हसले.

तिथून पुढे माझे मला नीट आठवत नाही. मी दोरी घेऊन जागच्या जागी पळत होतो, आणि समोर तो होता. म्हणजे कुणी नव्हते, पण तो कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होते. मी उजवीकडे पाहिले की सगळ्यांच्या माना उजवीकडे. मी गादीलगतच्या खांबाच्या एका बाजूने डोकावलो, तर पहिल्या रांगेतल्या बाया म्हणू लागल्या, "तिकडे नाही, तिकडे नाही! मागे!" मी मागे वळून विचारले, "दिसला का गं?" त्या माना हलवू लागल्या. हशा झाला. तो ऐकून मांडवातली माणसे आत घुसू लागली. मी पाहत होतो, पण मोजत नव्हतो.

मी दमून बसलो. तेव्हा मला सुमतीचे ते फाटक आठवले. मी म्हणालो, "वाड्याचा दरवाजा उघडा आहे. हा जाईना का पळून! पण जात नाही. आई बसली की हाच येतो आणि तिचा पदर ओढतो." आणि माझ्या उपरण्याला मीच मागून ओढ दिली. मग उठलो आणि पळालो.

घोंगडी संपली ते कळले नाही.

माणसांनी वाट दिली, मी खांबाला वळसा घातला, तबला मागून पळतच होता. दाराशी ओल्या फरशीवर डावा पाय गेला, दोरी उजव्या पायात अडकली, आणि मी पायऱ्यांवरून रखमाबाईच्या टोपलीत बसलो. ज्या क्षणी बसलो त्याच क्षणी थाप पडली. गुणाजी शपथेवर सांगतो, "मी न्हाई वाजवली. हात पडला."

देऊळभर जो हशा झाला तसा मी कल्याणलाही ऐकला नव्हता. त्यात एक हसणे आधी दाबलेले, मग नाकातून सुटलेले, मग उघडे. ती कधी येऊन बसली होती मला माहीत नाही.

मला उठता येईना. धाप लागली होती. गळ्यात हार, डोक्यावर तगरीची फुले, हातात दोरी. पुढचे शब्द सगळे गेले. दोन बोटांचा पाऊण तासाचा अर्थ, काही म्हणजे काही आठवेना.

रखमाबाईने आपला पदर घेतला आणि माझ्या तोंडावरचा घाम पुसला. म्हणाली, "दमलीस गो बाय. बस जरा. येल तो आपनच."

माझ्या पन्नाशीच्या, मिशा असलेल्या तोंडाकडे बघून म्हणाली. आणि कुणी हसले नाही. इतकी माणसे, पण पाऊस ऐकू येऊ लागला. मी दोरी मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला वाटते मी कीर्तन करीत नव्हतो.

अण्णा उभे राहिले. म्हणाले, "बुवा, गादी सुटली. आता वर चढायचं नाही. आरती तिथूनच करा."

आरती पायऱ्यांवरून केली. हंडी फुटली. लोक पाया पडायला येत होते, मी नको म्हणत होतो. नाचक्की म्हणावी तर तशीही नव्हती. सासऱ्यांच्या गादीवरून मी खाली पडलो, तेही लोकांना हसवताना, हे मात्र खरे. घरी येऊन सुमतीने आधी पाने मांडली. मग माझ्या ढोपराला हळद लावली.

रविवार, ६ सप्टेंबर.

बैठक. मी आधीच उठून म्हणालो, "चूक माझी आहे. नियम मला माहीत होता. पुढल्या वर्षी गादीवर दुसऱ्या कुणाला उभे करा." चिपळ्या पिशवीतून काढून अण्णांसमोर ठेवल्या.

सुधीर म्हणाला, "अहो काय बुवा! दोनशेच्या वर माणसं होती. मी मोजली. शेवटी बसायला जागा नव्हती."

"माणसांचा प्रश्न नाही," अण्णा म्हणाले. "गादी सुटली, हे सगळ्यांनी पाहिलं. नियम तो नियम."

"अण्णा, नियम बदलता येईल."

"नियम बदलायला मी इथं बसलेलो नाही." अण्णांनी चष्मा काढून पुसला. त्यांना घाई नव्हती. "नियम काय आहे? अंथरलेल्या घोंगडीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"घोंगडी चार हातच हवी असं कुठे आहे? मी रात्री जुनी सगळी चोपडी पाहिली. कुठेही नाही." चष्मा चढवला. "सुधीर, लिहून घे. पुढील सप्ताहापासून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या शेवटच्या पायरीपर्यंत घोंगड्या अंथरण्यात याव्यात. रखमाबाईच्या टोपलीखालीसुद्धा. बुवा कुठंही पळोत, गादीवरच असतील. आणि फरशी कोरडी ठेवण्यात यावी."

मग चिपळ्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, "तुमचे सासरे एकदा असेच हौदात पडले होते. तेव्हापासून हा नियम आहे. मीच केला."

इतक्या वर्षांत सासरे मला हौदाबद्दल कधी बोलले नव्हते. घरी येऊन सुमतीला विचारले. ती म्हणाली, "मग! मी होते ना तिथे. आठ वर्षांची." आणि पुढे सांगू शकली नाही, कारण तिला हसू आवरेना.

सोमवार, ७ सप्टेंबर.

काल्याची दोरी परत वलणीला जोडायला घेतली. तीन तुकड्यांच्या गाठी. एक टोक खिळ्याला बांधले, दुसरे घेऊन समोरच्या जुन्या खिळ्याकडे गेलो, तर पोचेना. गाठींनी लांबी खाल्ली. ओढून पाहिली. स्टुलावर चढून ओढली. तरी पोचेना.

सुमती ओले धुणे खांद्यावर घेऊन मागे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"किती कमी पडते?" तिने विचारले.

मी बोटे लावून पाहिली. सांगायला वळलो, तर तिने आधीच खाली बसून तोंडाला पदर लावला होता.

धुणे आज खुर्च्यांवर वाळत घातले. नवी दोरी आणायची आहे. सुमती म्हणते, घाई नाही.